ज्येष्ठा-कनिष्ठेची स्पर्धा मी मागे घेतो

॥ श्री ॥

लिहून ठेवणार: मधुसूदन त्र्यंबक पांढरीपांडे, वय वर्षे त्र्याऐंशी, तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ.

माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण ठीक आहे, आणि कोणी गोड बोलून अथवा भीती घालून मला लिहावयास बसविलेले नाही. नोकरीच्या काळात इतरांच्या मृत्युपत्रांतील या अर्थाचे वाक्य मी पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखविले. आज ते स्वतःविषयी लिहिताना हात अडखळतो, कारण पुढे ज्या कृत्याचा उल्लेख येणार आहे, तेही मी बुद्धी पूर्ण शाबूत असतानाच केले होते.

मला दोन अपत्ये. थोरला सलील, पत्नीसह नागपूर येथे राहतो, विमा कंपनीत नोकरीस आहे. धाकटी भैरवी, अविवाहित, येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविते व माझ्याजवळ राहते. पत्नी रत्नप्रभा सहा वर्षांपूर्वी निवर्तली.

हा कागद आजच पुरा करण्याची निकड अशी की, शिलाँगजवळ रानातील वनस्पतींची नोंद करणारी एक संस्था आहे. तिने भैरवीला कामासाठी बोलाविले आहे, आणि भैरवीने होकार वा नकार या महिनाअखेर कळवावयाचा आहे. माझे जुने मृत्युपत्र जिवंत आहे तोवर ती नकारच कळवील, अशी माझी खात्री आहे.

कलम पहिले. जुन्या मृत्युपत्राविषयी.

रत्नप्रभा गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी एक मृत्युपत्र नोंदविले. ते मी या कागदान्वये सर्वस्वी रद्द करीत आहे. कायद्याला एवढे वाक्य पुरते. मला पुरत नाही, म्हणून कारण लिहितो.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. त्यांचे पितळेचे दोन मुखवटे माझ्या पणजीच्या वेळेपासून घरात आहेत. रत्नप्रभेच्या मागे ते कोणाकडे जावेत, हा प्रश्न आला. रूढीप्रमाणे ते सुनेकडे जावयाचे. सून नोकरी करणारी, तिला सोवळे झेपेल की नाही, अशी मला शंका. भैरवीला झेपते, परंतु ती कन्या. असल्या वेळी मनुष्य दोन्ही लेकरांना जवळ बसवून विचारतो. मी त्यांची परीक्षा घ्यावयाचे ठरविले.

वादातील पेटीला दोन कुलपे लावावीत आणि एकेक किल्ली एकेका पक्षाकडे द्यावी, अशी तोड मी न्यायालयात पाहिली होती. तीच अक्कल मी देवघरात चालविली. ज्येष्ठेचा मुखवटा सलीलकडे दिला, कनिष्ठेचा भैरवीकडे. एकावाचून दुसऱ्याचा सण होऊ नये म्हणजे बहीणभाऊ एकत्र येतील, असे मी सर्वांदेखत म्हणालो. आणि त्याच बैठकीत हेही सांगितले की, जो कुळाचार अधिक निष्ठेने चालवील त्यास दोन्ही मुखवटे आणि हे राहते घर मिळेल, निवाडा माझा राहील. हीच अट मृत्युपत्रात घातली.

समोरच्या घरातले माझे स्नेही किसनराव तेव्हा ओसरीवर बसले होते. शेतकरी मनुष्य, शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, शौकीन. त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "मधुभाऊ, पटात बी जोडी एकाच जुवाले जुपतात बाप्पा. तुम्ही तं जोडीच फोडली, अन् आता एकमेकाच्या अंगावर पळवून राह्यले."

मी म्हणालो, "सोवळ्यातल्या गोष्टीत तुम्ही पडू नका, किसनराव."

"नाही पडत," ते म्हणाले. "मी बाहेरूनच पाह्यतो. पट बाहेरूनच पाह्यतात."

पहिल्या वर्षी दोघांनी मिळून येथे सण केला. दुसऱ्या वर्षी सलीलने नागपुरात कनिष्ठेचा नवा मुखवटा घडवून घेतला व आपल्या घरी जोडी बसविली. हे कळताच भैरवीने वणीच्या तांबटाकडून ज्येष्ठा करून आणली. अशा रीतीने एक जुनी आणि एक नवी, अशा दोन जोड्या दोन गावी बसू लागल्या. दोन सख्ख्या बहिणी मी दोन घरी वाटल्या आणि त्यांच्या शेजारी परक्या बायका उभ्या केल्या. एकत्र न येण्याची सोय माझ्याच अटीने झाली.

त्या वर्षी मी रागवावयास हवे होते. मी गाडी ठरवून दुपारी येथे जेवलो आणि रात्री नागपूरला जेवलो. मला सुख वाटत होते, हे मी लिहून ठेवतो. दोन घरे माझ्या तोंडाकडे पाहत होती. नागपूरला पानावर बसल्यावर मी सहज म्हटल्यासारखे म्हणालो, "वणीची आंबील अंमळ दाट होती." येथे परतल्यावर म्हणालो, "सलीलकडे सोळाही भाज्या वेगवेगळ्या चवीच्या होत्या." याहून अधिक मला काही बोलावे लागत नसे. पुढल्या भाद्रपदात दोन्हीकडची आंबील इतकी दाट झाली की, वाटी कलती केली तरी पडेना. सून हसू लागली, तर सलील तिच्यावर ओरडला. मी ती आंबील बोटाने खाल्ली आणि काही बोललो नाही, कारण न बोलण्यानेही गुण देता येतात, हे मी एव्हाना शिकलो होतो.

त्या सुमारास भैरवीला शिलाँगहून पहिल्यांदा बोलावणे आले होते. तिने नकार कळविला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "मला थंडी सोसत नाही, बाबा." जी मुलगी माघात विहिरीच्या पाण्याने अंग धुऊन ओलेत्याने पूजेला उभी राहते, तिला थंडी सोसत नाही, हे मी मानले. मला ते मानणे सोयीचे होते. या वाक्याचा विचार मी अलीकडे फार करतो.

यंदाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी भैरवीला ताप होता. तरी तिने पहाटे डोक्यावरून गार पाणी घेतले. आमच्या गावी अंगणात वाळत घातलेले वस्त्र संध्याकाळपर्यंत भोवतालच्या खाणींतल्या कोळशाच्या धुळीने करडे होते, म्हणून ती सोवळ्याचे लुगडे आतल्या उंच दांडीवर काठीने घालते. ते वाळले नव्हते. ओलेच नेसून ती पुरण वाटत होती. मी माजघरात पाठ म्हणत होतो. किसनरावांची पत्नी लीलाबाई हळदीकुंकवाला आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून बोलली. तिचा आवाज खणखणीत, मला पाठ थांबवावा लागला.

"काहून जीव देऊन राह्यली पोरी? अंग पाह्य कसं तापलं तुवं. देवीनं सांगतलं का तुले, मर म्हणून?"

भैरवी हसली आणि म्हणाली, "देवीने कशाला सांगावं, काकू? देवी कुठे आहे? बाबा पाहून राहिले ना."

पाठ जेथे थांबला होता, तेथून पुढची ओळ आठवेना. आणि माझ्या मनात पहिला विचार जो आला, तो माझ्या मुलीच्या तापाचा नव्हता, तिच्या श्रद्धेचाही नव्हता. निकाल लागला, नागपूर जिंकले, असा तो विचार होता. तो क्षणभरच टिकला. परंतु प्रथम तोच आला, आणि इतक्या वर्षांच्या पारायणांनी माझ्या आत काय घडविले, याचे त्याहून स्वच्छ उत्तर मला कोठे मिळावयाचे?

मुखवटे उतरविल्यानंतर, तिसऱ्या दिवशी दुपारी, मी तिला विचारले, "भैरवी, तुझा देवीवर विश्वास नाही?"

"नाही, बाबा."

"केव्हापासून?"

"आई होती तेव्हापासून. आईला माहीत होतं."

हे मला ठाऊक नव्हते. "मग इतके कडक सोवळे कशाला?"

"तुम्ही पाहता म्हणून. अन् दादा करतो म्हणून. आता थांबले तर हरल्यासारखं होईल ना."

"या घरासाठी?"

"एवढं घर मी एकटी काय करू? तुम्ही एकदा, फक्त एकदा, वणीचीच आंबील बरी म्हणावं म्हणून. हसू नका, खरंच सांगून राहिले."

मी हसत नव्हतो. राममंदिरात मी चातुर्मासाची प्रवचने करीत असे; तो प्रवचनकार तेवढ्यातही जागा झाला आणि मी विचारले की, देव न मानणाऱ्याला धरबंध कशाचा राहतो.

ती म्हणाली, "उलट आहे, बाबा. तुमचं काही चुकलं तर शास्त्रात तसं होतं, नाहीतर नशिबात होतं, असं तुम्हाला म्हणता येतं. मला ती पळवाट नाही. शिलाँगला नाही म्हणून कळवलं, ते मी कळवलं. तुमच्या माथी मारलं असतं तर सोपं गेलं असतं. पण पत्र तर मीच लिहिलं ना?"

नास्तिक मनुष्य कसा जगतो, याविषयी मी राममंदिरात अनेकदा बोललो आहे. माझ्या घरात तो माझ्यासाठी पुरण वाटत होता.

त्याच दिवशी मी सलीलला फोन केला आणि सांगितले की, स्पर्धा संपली. तो म्हणाला, "बाबा, खरं सांगू का? मी तर ताई करते म्हणून करून राहिलो होतो. आमच्याकडे त्या तीन दिवसांत रोज भांडण होतं. बायको म्हणते, तुमच्या बाबांची परीक्षा आहे तर तुम्हीच नेसा लुगडं."

तो भैरवीहून मोठा असून लहानपणापासून तिला ताई म्हणतो. त्यावर मला त्या दिवशी रडू आले.

म्हणजे मुलगी माझ्याकडे पाहत होती, मुलगा मुलीकडे पाहत होता, आणि मी दोघांच्या पानांकडे पाहत होतो. देवीकडे पाहणारा घरात कोणी उरला नव्हता. दोघांपैकी कोणाची भक्ती अधिक, हे पाहण्यासाठी मी जी अट घातली, तिने दोघांची भक्ती संपविली. सलीलची होती, ती आटली. भैरवीची नव्हती, तिला ती असल्याचे सोंग वठवावे लागले.

आम्ही जी पोथी वाचतो तीत, सर्व उपदेश संपल्यावर, सांगणारा ऐकणाऱ्याला म्हणतो की, आता नीट विचार कर आणि तुला इच्छा होईल तसे वाग. साक्षात देवाने निवड दुसऱ्यावर सोडली, ती जागा ही. चातुर्मासाच्या प्रवचनांत मी त्या जागेवर कधी रेंगाळलो नाही. श्रोते उठावयाच्या घाईत असतात, असे मी स्वतःला सांगत असे. घाई मला होती. मनुष्याने स्वतः निवडावे आणि निवडीचे ओझे स्वतः वाहावे, हे मान्य केले की मला माझ्या मुलांना काही सांगण्यासारखे उरत नव्हते. जगण्याचा अर्थ काय, असे मला पुष्कळांनी विचारले, आणि मी प्रत्येकाला पोथीतले तयार उत्तर दिले. माझ्या घरात तो अर्थ मी गुण देऊन ठरवीत होतो. मुलीने आपले आयुष्य कशासाठी वेचावे, हे माझ्या जिभेवरच्या आंबिलीने ठरत होते.

कलम दुसरे. घराविषयी.

वणी येथील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते सलील व भैरवी यांस समसमान मिळावे. कोणी अधिक सेवा केली, कोण जवळ राहिले, कोण लांब गेले, हा विषय हिस्से ठरविताना काढू नये. विकावयाचे असल्यास विकावे. परसातील बेलाच्या झाडासाठी घर अडवून ठेवू नये. बेल कोठेही येतो.

कलम तिसरे. बँकेतील ठेवी व रत्नप्रभेचे दागिने.

ठेवी निम्म्या-निम्म्या. दागिन्यांतील बांगड्या सुनेस द्याव्यात. मी तिच्या सोवळ्याविषयी नातेवाइकांत जे बोललो, ते तिच्या कानी गेले असणार. बांगड्यांनी ते पुसले जाणार नाही, याची मला जाणीव आहे. बाकीचे भैरवीस.

कलम चौथे. मुखवटे.

जुने दोन आणि नवे दोन, असे चार मुखवटे आहेत. किसनरावांनी चिठ्ठ्या टाकाव्यात असे सुचविले. तो मार्ग मी घेत नाही. माझ्या जागी दैवाला परीक्षक नेमण्यासारखे ते होईल. मुखवटे मी कोणासही देत नाही. ज्याला खरोखर बसवावेसे वाटेल त्याने दुसऱ्याकडे मागावेत आणि दुसऱ्याने कारण न विचारता द्यावेत. दोघांनाही नको असतील तर चारही तांबटाकडे द्यावेत आणि त्याने त्यांचे काय केले याची चौकशी करू नये. हे वाक्य लिहून मी लेखणी खाली ठेवली होती व देवघरात जाऊन बसलो होतो. परत येऊन ते तसेच ठेवीत आहे.

कलम पाचवे. पोथ्या, चौरंग, सहाण.

माझ्या पोथ्या व ज्यावर त्या ठेवून वाचीत असे तो शिसवी चौरंग राममंदिराच्या हल्लीच्या प्रवचनकारांस द्यावा. विश्वस्तांनी मला बाजूला करून त्यांना चातुर्मासाचे आसन दिले, तेव्हापासून मी त्या मंदिरात मागच्या दाराने दर्शनाला जातो. ते वाचताना हातवारे फार करतात व मधेच गातात, असे मी सर्वांस सांगत आलो. त्यांना माझ्याहून अधिक श्रोते असतात, हे मी येथे प्रथमच मान्य करतो. चौरंगाचा एक पाय डुगडुगतो. खाली घडी घातलेला कागद ठेवावा. सहाण व चंदनाचे खोड सलीलने न्यावे. लहानपणी त्याला गंध उगाळण्याची खरी आवड होती, ती माझ्या परीक्षेच्या आधीची होती.

कलम सहावे. धाकटा भाऊ गोपाळ याजविषयी.

आमचे वडील आम्हां दोघा भावांना जेवणाआधी अध्याय म्हणावयास लावीत. जो न अडखळता म्हणेल त्याच्या भातावर तूप आधी पडे. दुसऱ्याला उरले तर. मला पाठांतर सहज येई. गोपाळ घाबरून अडखळे. तो कोरडा भात खाली मान घालून खाई आणि मी तूप भाताच्या मधोमध बराच वेळ तसेच ठेवी, त्याला दिसावे म्हणून. पुढे गोपाळने आयुष्यात कधी तूप खाल्ले नाही. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्याने पानावर हात आडवा धरला. मी ते वैर समजलो आणि त्याच्या अंत्ययात्रेस उशिरा गेलो. जे मला तुपाच्या रूपाने भरविले गेले, तेच मी पुढे माझ्या मुलांना वाढले. वडिलांनी केले म्हणून मी केले, असे मात्र मी म्हणणार नाही. गोपाळनेही तेच पाहिले होते, आणि त्याच्या घरी मुलांच्या पानांवर वाढप सारखे होते. गोपाळ आता नाही. त्याला देण्यासारखे काही राहिले नाही. कलम केवळ नोंदीसाठी आहे.

कलम सातवे. किसनराव व लीलाबाई.

किसनराव या कागदाचे साक्षीदार आहेत, म्हणून त्यांच्या नावे काही ठेवीत नाही. साक्षीदाराच्या पदरात काही पडले की उलटतपासणीत वकील त्यालाच सोलतो. हे सांगितल्यावर ते रागावले.

"मंग सही मी कायले करू? अडकित्ता द्या मले, साक्षीले दुसरा पाहा."

म्हणून माझा पितळी अडकित्ता मी त्यांना काल हातोहात देऊन टाकला आहे, त्याचा मृत्युपत्राशी संबंध नाही.

भैरवी गेली तर माझ्या जेवणाचे कसे, हाही विषय निघाला. किसनराव म्हणाले, "लीला डबा देईल. पण तुम्ही खासान का, ते सांगा पह्यले."

हा प्रश्न ते विनोदाने विचारीत नव्हते. आमचा घरोबा तारुण्यापासूनचा. मी त्यांच्या ओसरीवर रोज बसलो, त्यांच्या शेतातली तूर व ज्वारी घेतली, त्यांच्या घरचे शिजलेले अन्न घेतले नाही. लीलाबाई प्रत्येक सणाला कोरडा शिधा पाठवी, कारण तिला माझा नेम ठाऊक होता, आणि त्या नेमाने मी तिच्या हाताविषयी काय म्हणतो आहे, हेही ठाऊक असणार. एकदाही तिने ते दाखविले नाही.

मी म्हणालो, "खाईन."

"लिहून द्या," किसनराव म्हणाले.

म्हणून लिहून देतो: खाईन. मिरची बेताची असावी.

कलम आठवे. अंत्यविधी.

अग्नी सलीलने द्यावा की भैरवीने, हे मी सांगून ठेवीत नाही. जो वेळेवर पोहोचेल त्याने द्यावा. दुसऱ्याची वाट पाहू नये आणि दुसऱ्याने वाईट वाटून घेऊ नये. तेराव्याच्या जेवणाला आंबील करू नये.

~~कलम नववे. भैरवीविषयी.~~ खोडले. खोडाखोड माझ्या हातची. म. त्र्यं. पां.

खुलासा.

आज सकाळी वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष ओसरीवर वाचून दाखविला. साक्षीदार किसनराव, व चौकातल्या औषधांच्या दुकानाचे बाबुलाल राठोड. भैरवी चहा घेऊन आली आणि दाराला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. नवव्या कलमात मी असे लिहिले होते की, चि. भैरवी हिस शिलाँग येथे जाण्यास माझी संपूर्ण व विनाअट संमती आहे, तिला मी सर्व कर्तव्यांतून मोकळी करीत आहे, आणि माझे आशीर्वाद तिच्या पाठीशी आहेत. ते कलम मी इतर सर्व कलमांहून अधिक वेळ घेऊन लिहिले होते.

भैरवी म्हणाली, "बाबा, नववं कलम काढा."

"का? त्यात तर माझी पूर्ण संमती आहे."

"तेच म्हणते. संमती मी मागितली होती का?"

बाबुलाल कपाकडे पाहू लागले. किसनराव म्हणाले, "घ्या पंडितजी. आता बोला."

मी म्हणालो, "अग, जुना कागद रद्द झाल्याशिवाय तू जाणार नाहीस, म्हणून तर हा सारा खटाटोप."

"मी परवाच कळवलं त्यांना," ती म्हणाली. "येते म्हणून. गुरुवारी निघते. तुम्हाला आज सांगणार होते."

"परवा? तेव्हा तर जुना कागद होता. घर गेले असते तुझे."

"गेलं असतं," ती म्हणाली. "चहा निवून राहिला."

आणि ती आत गेली.

म्हणून मी ते कलम खोडले आहे. तिला मोकळे करण्याचा अधिकार माझ्याजवळ असल्याचा त्यात उल्लेख होता. तो खोटा होता. होमात प्रत्येक आहुतीनंतर हे माझे नव्हे असे म्हणावयाचे असते, आणि मी ते हयातभर स्पष्ट उच्चारांत म्हणत आलो. आज ओसरीवर ते मला प्रथम ऐकू आले. कागद लिहावयास बसलो तेव्हा मला वाटत होते की, मी तिला काही परत देत आहे. तिची मागली वर्षे माझ्या मालकीची मिळकत नाहीत, तेव्हा ती या किंवा दुसऱ्या कोणत्याही मृत्युपत्राने तिला देता येत नाहीत. प्रारंभी लिहिलेली माझी खात्री चुकीची निघाली, तीही मी तशीच ठेवली आहे, दुरुस्त केलेली नाही.

भैरवीच्या जाण्याचे श्रेय या कागदास नाही. तिच्या इतकी वर्षे राहण्याचा दोष मात्र आधीच्या कागदास, म्हणजे तो लिहिणाऱ्यास आहे. तिने तो माझ्यावर ठेवला नाही, स्वतःवर घेतला, हे मी तिच्या तोंडून ऐकले आहे. तरी तो माझा आहे. माझ्या सर्व मिळकतीपैकी एवढा दोष मी सलील, भैरवी, वडील, शास्त्र अथवा प्रारब्ध यांपैकी कोणाच्याही नावे करीत नाही. तो मी स्वतःकडे ठेवीत आहे.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, खोडून, समजून सही केली.

(सही) मधुसूदन त्र्यंबक पांढरीपांडे

आम्हां दोघांसमक्ष मधुसूदनरावांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली. नववे कलम आमच्यादेखत खोडले.

साक्षीदार:
१. (सही) किसनराव, शेती, राहणार वणी, समोरचे घर
२. (सही) बाबुलाल राठोड, औषध विक्रेता, राहणार वणी

स्थळ: वणी, जिल्हा यवतमाळ
शनिवार, आश्विन वद्य पंचमी, शके १९४७; दिनांक ११ ऑक्टोबर २०२५